मुलांचं मूल्यमापन: पालकांचे आणि नव्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एक मेला प्रगतिपुस्तकं वाटली की पालक वर्गाच्या दाराशी घुटमळतात. कुणाला श्रेणी कळत नाही, कुणाला नोंद पटत नाही, कुणी नुसतंच विचारतं, ‘पोरगं ठीक आहे ना बाई?’ मी धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिकचे वर्ग शिकवते. दाराशी उभ्या उभ्या धड उत्तर देता येत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे सावकाशीने घेतले आहेत. काही पालकांचे आहेत, काही नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे.

प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी ‘ब-१’, ‘क-२’ असं लिहिलंय. म्हणजे किती?

श्रेणीमागे गुण असतातच. ९१ ते १०० असतील तर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२ आणि ३३ ते ४० म्हणजे ड. त्याखाली इ-१ (२१ ते ३२) आणि इ-२ (२० किंवा कमी). ही पद्धत २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला लागू झाली. तिचं सरकारी नाव ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’. शाळेत आम्ही सगळे ‘सीसीई’ म्हणतो.

श्रेणी ‘ड’च्या खाली गेली तर त्या मुलाला शाळेने जादा मार्गदर्शन करून वर आणायचं असतं. म्हणून ‘इ’ श्रेणी दिसली की मुलाला रागावण्याआधी शाळेत या आणि विचारा, ‘याच्यासाठी वेगळं काय करणार आहात?’ तो तुमचा हक्काचा प्रश्न आहे.

आकारिक आणि संकलित यात फरक काय?

भाकरी तव्यावर असताना आपण ती उलटून बघतो, आच कमी-जास्त करतो. ते आकारिक. ताटात वाढल्यावर कशी झाली ते कळतं, ते संकलित. पहिल्या वेळी दुरुस्ती हातात असते, दुसऱ्या वेळी नसते.

कागदावर त्याची विभागणी अशी आहे. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार आणि संकलितला ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. सातवी-आठवीला आकारिक ४०, संकलित ६०. मूल लहान तेवढा रोजच्या निरीक्षणाला भार जास्त. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना लेखी परीक्षा नाही, तिथे सगळं आकारिकच. संकलित चाचणी वर्षातून दोनदा, सत्राच्या शेवटी होते. तिच्यातही तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचा भाग असतो, नुसती लेखी नसते.

आकारिकमध्ये बाई नेमकं बघतात काय? घरी तर काही कळत नाही.

दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय-वर्गकार्य, आणि ‘इतर’ म्हणजे प्रश्नावली, गटकार्य, मुलांनी स्वतःचं किंवा एकमेकांचं केलेलं मूल्यमापन. अशी आठ साधनं नेमून दिलेली आहेत. छोट्या चाचणीत पुस्तक उघडं ठेवून उत्तर शोधायची मुभाही असते. अनेक पालकांना ती कॉपी वाटते. पण कुठल्या पानावर काय आहे हे शोधून, वाचून, त्यातलं हवं तेवढं उचलणं ही चौथीतल्या मुलासाठी मोठीच गोष्ट आहे.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं साधन कुठलं, असं विचाराल तर मी दैनंदिन निरीक्षण म्हणेन. आणि सगळ्यात दुर्लक्षित साधनही तेच. कारण त्याला कागद लागत नाही, डोळे आणि सवड लागते.

दोघींनाही वीसपैकी बारा. मग दोघी सारख्याच ना?

या प्रश्नावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण मूल्यमापन म्हणजे काय ते मला याच जागी कळलं.

फळ्यावर ५२ वजा २७ लिहा. तिसरीच्या वर्गात हमखास काही मुलं उत्तर लिहितात ३५. लाल पेनाने फुली मारली की तपासणीचं काम संपतं. पण मुलाला जवळ बसवून ‘कसं केलंस, सांग बरं’ म्हणा. एक मूल सांगतं, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. वर कोण आणि खाली कोण, याने त्याला फरक पडत नाही. दुसरं मूल म्हणतं, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा केला, बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.’ त्याला दशक सुटा करायचा हे कळलंय, पण सुटा केल्यावर दशकाच्या घरात चारच उरले हे तो विसरला. उत्तर तेच, ३५. चूक तीच दिसते. पण पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून नव्याने शिकवावं लागेल आणि दुसऱ्याला एक वाक्य पुरेल.

आणखी एक असतं. तुम्ही तोंडी ‘बावन्न’ म्हटलंत आणि त्याने लिहिलं २५. त्यालाही वजाबाकी येते, पण मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. ‘बा’ ऐकू आलं, म्हणून दोन आधी लिहिला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. तो वाद काहीही असो, ज्या अडचणीपायी तो बदल केला ती अडचण खरी आहे, पहिली-दुसरी शिकवणाऱ्या कुठल्याही बाई ते सांगतील.

तर तीन मुलं, तिघांचंही गणित चुकलं, तिघांनाही शून्य. उद्या सकाळी तिघांना तीन वेगळ्या गोष्टी शिकवायच्या आहेत. गुणांच्या रकान्यात हे मावत नाही. म्हणून बारा गुण मिळालेल्या दोन मुली सारख्या आहेत का, हे त्यांचे आठ गुण कुठे गेले ते पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

माझा मुलगा घरी सगळं सांगतो, पेपरात मात्र कोरं सोडतो. त्याला येतं की येत नाही?

बहुतेक वेळा येतं, पण लिहिण्याचा वेग किंवा प्रश्न वाचून समजणं मागे असतं. एक साधी तपासणी घरीच करा. त्याला न आलेला प्रश्न तुम्ही मोठ्याने वाचा. ऐकून उत्तर दिलं तर अडचण वाचनाची आहे. तरीही गप्प राहिला तर विषयाची आहे. तोंडी उत्तर देतो पण अर्धंच लिहितो, तर अडचण लेखनाची. हे शाळेत येऊन सांगा. शाब्दिक उदाहरणं चुकणाऱ्या मुलांचं गणित पक्कं आणि वाचन कच्चं, हे फार वेळा दिसतं, आणि पालक मात्र गणिताची शिकवणी लावून मोकळे होतात.

आम्ही घरी अहिराणी बोलतो. त्याने त्याचे मार्क जातात का?

जायला नकोत. तरी जातात, हे मी पाहिलंय.

परिसर अभ्यासात विचारलं, पाऊस कसा पडतो. मूल म्हणालं, ‘पानी तपस, मंग वर उडी जास.’ पाणी तापतं, त्याची वाफ होऊन ते वर जातं, हे त्याला कळलेलं आहे. उत्तर बरोबर आहे. इथे आपण बाष्पीभवन तपासतोय, प्रमाण मराठी तपासत नाही. ज्या शिक्षकाला ती बोली कळत नाही, त्याच्या वहीत मात्र ‘उत्तर देता आले नाही’ अशी नोंद पडते. ही नोंद मुलाची नाही, शिक्षकाची आहे. नंदुरबारकडे पावरी किंवा भिली, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे आणखी मोठ्या प्रमाणात घडतं.

भाषा विषयात मात्र हळूहळू प्रमाण मराठीकडे न्यायचंच आहे, ते नाकारून चालणार नाही. पण पहिलीतल्या मुलाने ‘मनी माय’ म्हटलं तर त्याखाली रेघ मारायची नाही. ‘हो, माझी आई’ असं आपण म्हणायचं आणि पुढे जायचं. नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगते की गावात आल्यावर आधी गावची बोली कानावर घ्या. दोन महिन्यांत कळायला लागते, आणि निम्मी मुलं एकदम हुशार झाल्यासारखी वाटतात.

वर्णनात्मक नोंदी सगळ्यांच्या सारख्याच का असतात?

तुम्ही ओळखलंत. प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने असतात आणि चाळीस मुलांपुढे ‘वाचन स्पष्ट करतो’, ‘चित्रकलेची आवड’, ‘अक्षर सुधारणे आवश्यक’ हीच वाक्यं फिरत राहतात. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात. व्हॉट्सअॅपवर इयत्तेनुसार फाइली फिरतात. मी स्वतः पहिली दोन वर्षं तशाच एका पुस्तिकेवरून नोंदी उतरवल्या आहेत. एका आईने विचारलं, ‘बाई, हिला चित्रकलेची आवड कधीपासून? ही तर रंगपेटीला हात लावत नाही.’ ती मुलगी दोरीवरच्या उड्यांत शाळेत पहिली होती आणि मला ते माहीत होतं. तरी पुस्तिकेत होतं ते मी लिहिलं. त्या आईसमोर मला मान वर करता आली नाही.

कारणं आहेत. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळा, दोन-तीन वर्ग एकत्र, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. पण नोंद खोटी असेल तर सगळी पद्धतच पोकळ होते. रोजच्या निरीक्षणासाठी ७० टक्के भार ठेवलेला आहे आणि निरीक्षण झालंच नसेल, तर ते ७० टक्के हवेत आहेत. पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला त्या नोंदीतून काहीच हाती लागत नाही.

खरी नोंद कशी असते? ‘वाचन चांगले’ ही नोंद नाही, शेरा आहे. ‘जोडाक्षरं आली की थांबते, ‘र’ची चारही रूपं अजून गोंधळतात, पण गोष्ट वाचून झाल्यावर स्वतःच्या शब्दांत सांगते’ ही नोंद आहे. वाचताक्षणी उद्या काय करायचं ते कळतं.

चाळीस मुलांच्या वर्गात अशा नोंदी ठेवायच्या तरी कशा? (नवे शिक्षक)

रोज चाळीस नोंदी ठेवायच्याच नाहीत. रोज चार किंवा पाच मुलं ठरवा, त्यांच्याकडे त्या दिवशी नीट बघा. दीड-दोन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. वहीत प्रत्येक मुलाला एक पान द्या, तारीख टाका आणि दोन ओळी लिहा. सगळ्या विषयांचं सगळं लिहायला गेलात तर आठवड्यात वही बंद पडेल.

लिहिताना ‘हुशार’, ‘आळशी’, ‘खोडकर’, ‘मठ्ठ’ हे शब्द वापरायचे नाहीत. मुलाने काय केलं ते लिहायचं. ‘आळशी’ लिहिलेल्या मुलाच्या डोळ्यांचा नंबर निघाल्याचं मी पाहिलंय. फळा त्याला दिसतच नव्हता.

आणि सत्राच्या शेवटी बसून नोंदी आठवायच्या नाहीत. तेव्हा आठवतात ती फक्त पुढच्या बाकांवरची आणि फार दंगा करणारी. मधली शांत मुलं, त्यातही मुली, आठवतच नाहीत.

आठवीपर्यंत नापासच करत नाहीत म्हणे. मग पोरं अभ्यास कशाला करतील?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ मध्ये मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नये असं होतं आणि कलम २९ मध्ये सतत आणि सर्वंकष मूल्यमापन करावं असं. दोन्ही एकत्र वाचायची होती. नापास करायचं नाही, कारण मूल कुठे अडलंय ते वर्षभर बघून तिथेच हात द्यायचा. गावोगावी कलम १६ पोचलं आणि कलम २९ वाटेत राहिलं. त्यातून ‘ढकलपास’ हा शब्द आला. त्यात मुलांचा दोष नव्हता.

नापास केल्याने मूल शिकतं, असं मला माझ्या वर्गात दिसलेलं नाही. ज्याला दुसरीत वाचता आलं नाही, त्याला तेच पुस्तक तेच शिक्षक त्याच पद्धतीने पुन्हा शिकवणार असतील तर तिसऱ्यांदाही येणार नाही. पण न वाचता येणाऱ्याला गुपचूप पाचवीत बसवणं हेही त्याच्यावर प्रेम करणं नव्हे. तिथे तो रोज सहा तास न कळणारं ऐकत बसतो.

आता पाचवी आणि आठवीला परीक्षा आहे ना? नापास झाला तर?

हो. संसदेने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि निर्णय राज्यांवर सोडला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला प्रत्येक विषयाला ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत.

अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही नाही जमलं तर तो त्याच वर्गात राहतो. शाळेतून मात्र काढता येत नाही. बाकीच्या वर्गांना ही परीक्षा नाही.

पालकांना विनंती एवढीच की मे महिन्यात गावाला जायचं असेल तर ‘पूरक मार्गदर्शन कधी आहे?’ हे विचारून मगच तिकीट काढा. सुट्टीत मूल मामाकडे असतं आणि जूनमध्ये थेट फेरपरीक्षेला येतं, म्हणजे मधले दोन महिने कोरे.

पायाभूत चाचणी आणि ‘पॅट’ हे आणखी काय?

सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी राज्याकडून येणाऱ्या नियतकालिक चाचण्या म्हणजे ‘पॅट’, पायाभूत चाचणी त्यांतलीच एक. केंद्र सरकारच्या ‘स्टार्स’ या शिक्षण प्रकल्पाखाली त्या २०२३-२४ मध्ये सुरू झाल्या, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या. पायाभूत चाचणीत मागच्या इयत्तेचं किती टिकलंय ते बघतात. गुण आम्हाला ऑनलाइन भरावे लागतात. तुमच्या मुलाने वेगळी तयारी करायची गरज नाही, आणि करवूनही घेऊ नका. तयारी करून दिलेली पायाभूत चाचणी म्हणजे ताप मोजण्याआधी गोळी दिल्यासारखं.

वर्तमानपत्रात येतं की पाचवीच्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही. आमच्या शाळेत तर सगळ्यांना ‘अ’ आणि ‘ब’. खरं कोणाचं?

दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात, हे आधी. ‘असर’ हे प्रथम संस्थेचं सर्वेक्षण २००५ पासून होतं. कार्यकर्ते खेड्यांत घरोघरी जातात आणि एकेका मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. गणितात अंक ओळखण्यापासून तीन अंकी संख्येला एक अंकाने भागण्यापर्यंत. मूल कितवीत आहे याच्याशी त्या कागदाला देणंघेणं नसतं. सरकारचं सर्वेक्षण वेगळं. २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, आणि ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचं, तिसरी, सहावी आणि नववीसाठी. ते निवडक शाळांत होतं आणि त्यात एकेका मुलाचा निकाल मिळत नाही, जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र मिळतं.

पण प्रश्नाचा रोख मला कळतो. प्रगतिपुस्तकातला ‘ब’ खरा आहे का? ताडून बघणं अवघड नाही. मूल चौथीत असेल तर दुसरीचं बालभारती आणा, न शिकवलेलं एखादं पान उघडा आणि वाचायला सांगा. मग विचारा, ‘काय झालं गोष्टीत?’ दोन मिनिटं लागतात. अडखळलं तर शाळेत येऊन भांडू नका, पण गप्पही बसू नका. पान दाखवा, कुठे अडलं ते सांगा. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं असं लक्ष्य ठेवलंय. म्हणजे तुम्ही जास्तीचं काही मागत नाही आहात.

वर्गात कितवा नंबर आला, ते का सांगत नाही?

कारण त्याने काहीच कळत नाही. पहिला आलेल्याला भागाकार येत नसेल आणि तिसावा आलेला उत्तम गोष्ट लिहीत असेल. मूल जूनमध्ये कुठे होतं आणि आता कुठे आहे, हे विचारा. ते मी मनापासून सांगते.

दहावीचे अंतर्गत २० गुण म्हणजे फुकटचेच ना?

दहावी माझा प्रांत नाही, पण प्रश्न येतो आणि त्याचं मूळ प्राथमिकच्या आकारिकपर्यंत जातं. २०१९ च्या दहावीत भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते. अभ्यासक्रमही नवा होता. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ते गुण पुन्हा सुरू झाल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. म्हणजे शाळांच्या हातातले गुण सढळ हाताने दिले जातात, हे म्हणण्यात तथ्य आहे.

२०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. तेव्हा नववीच्या निकालाला ५०, दहावीतल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० असा भार देऊन निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. त्या वर्षी साऱ्या राज्याला शाळेच्या दप्तरातल्या नोंदींवर विसंबावं लागलं. ज्या शाळांनी त्या नीट ठेवल्या होत्या त्यांना अडचण आली नाही. बाकीच्या ठिकाणी काय झालं असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

तरीही तोंडी परीक्षा काढून टाकावी, असं मी म्हणणार नाही. चार माणसांत उभं राहून बोलता येणं हे शिक्षणच आहे, आणि ते लेखी पेपरातून कधीच कळत नाही. गुण उदार हाताने दिले जातात यावर उपाय गुण काढणं नाही. शिक्षकाने मुलाला खरोखर बोलतं करून मग गुण देणं, हा आहे.

मुलगी अक्षरं उलटी लिहिते, खूप हळू वाचते. तिला गुण कसे देतात?

पहिलीत ‘ब’ आणि ‘क’ची गल्लत किंवा उलटे अंक बऱ्याच मुलांचे होतात, घाबरू नका. पण तिसरी-चौथीपर्यंत तसंच राहिलं तर विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे का ते तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती येते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ असतात, शाळेमार्फत त्यांच्याकडे जाता येतं. प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मिळतो.

प्रमाणपत्राची वाट न पाहता वर्गात करण्यासारखंही खूप आहे. तिचं विज्ञान तपासायचंय तर तोंडी विचारा. आकारिकची आठ साधनं याचसाठी आहेत की एकाच दारातून सगळ्यांना आत यावं लागू नये.

आम्ही ऊसतोडीला जातो. चार-पाच महिने मूल शाळेत नसतं, त्याचं मूल्यमापन कसं होणार?

आमच्या साक्री-नवापूर पट्ट्यातली कुटुंबं गुजरातच्या कारखान्यांवर जातात, त्यामुळे हा प्रश्न दर दिवाळीनंतर येतो. निघण्याआधी शाळेत या आणि शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. मूल कुठपर्यंत शिकलंय ते त्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेला सुरुवात कुठून करायची ते समजतं. दाखल्याला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि प्रवेश वयाप्रमाणे मिळायला हवा, दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्यात आहेत.

शक्य असेल तर मुलाला आजी-आजोबांकडे ठेवा, हंगामापुरती सोय काय होऊ शकते ते आम्हीही बघतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी पेपर घेत नाही. गप्पा मारतो, वाचायला देतो, हिशेब विचारतो. फडावर राहून आलेली मुलं तोंडी हिशेबात पक्की असतात, मोळ्यांचे आणि खेपांचे आकडे त्यांना पाठ असतात. नोंद तिथूनच सुरू करायची.

समग्र प्रगतिपत्रक म्हणजे काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली कल्पना. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतः, त्याचे सोबती आणि पालकही नोंद करतात. कल्पना चांगली आहे. पालकांचा भाग घरच्या शिकलेल्या ताईदादाने भरला तरी चालेल, पण बोलणं तुमचंच असू द्या.

नोंद किंवा श्रेणी चुकीची वाटली तर कुणाला विचारायचं?

आधी वर्गशिक्षकांना. ‘इतके कमी का?’ असं न विचारता ‘संकलितची उत्तरपत्रिका आणि आकारिकच्या नोंदी बघू का?’ असं विचारा. कागद समोर आला की बोलणं सोपं होतं, दोघांनाही. समाधान झालं नाही तर मुख्याध्यापक आहेत, आणि त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. ती केवळ खिचडी आणि रंगरंगोटी यांच्यासाठी नाही, मुलं किती शिकली हा तिच्या बैठकीतला विषय आहे. आमच्या समितीतल्या एका आजी दर बैठकीत एकच प्रश्न विचारतात, ‘या महिन्यात वाचाया कोन कोन लागलं?’ त्यासाठी मला बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाचं पान उघडावं लागतं.